एक झडप, दोन दुखणी : जुन्या मोटारींतील हीट रायझर व्हॉल्व्ह

कार्बोरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारींबद्दल दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली थंडीतली. इंजिन सुरू होते, पण ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आचके देते, चोक आत ढकलला की बंद पडते आणि काही किलोमीटर गेल्यावरच तिची चाल सुधारते. दुसरी उन्हाळ्यातली. घाट चढून आलेली गाडी दहा मिनिटे थांबवली की पुन्हा सुरू होता होत नाही, बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो आणि चढावर इंजिनाला दम लागतो. ही दोन दुखणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तरीही दोन्हींचे मूळ अनेकदा एकाच भागात सापडते. तो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील हीट रायझर व्हॉल्व्ह, म्हणजे तळहाताएवढीही नसलेली एक लोखंडी झडप. ती उघडी अडकली तर पहिली तक्रार येते, बंद अडकली तर दुसरी.

पेट्रोलला उष्णता कशासाठी लागते?

इंजिनात पेट्रोलची वाफ हवेत मिसळून जळते. द्रवरूप पेट्रोल नीट जळत नाही. कार्बोरेटर पेट्रोलचे बारीक थेंब हवेच्या झोतात सोडतो. हे थेंब इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतून, जाताना वाफ होत जातात. वाफ होण्यासाठी त्यांना उष्णता लागते. एक किलो पेट्रोलला ती सुमारे ३५० किलोज्यूल लागते आणि ती आजूबाजूची हवा व नळीची भिंत यांच्याकडून घेतली जाते. एक भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा या नेहमीच्या प्रमाणात सगळे पेट्रोल वाफ झाले, तर मिश्रणाचे तापमान २० अंशांहून अधिक खाली येऊ शकते.

इंजिन गार असताना ही उष्णता पुरेशी मिळत नाही. जड थेंब नळीच्या तळाशी साचतात. काही सिलिंडरांना पेट्रोल जास्त पोचते, काहींना कमी, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आचके देते. हवा गार आणि दमट असेल तर कार्बोरेटरच्या घशात बर्फही धरतो. त्यासाठी बाहेरचे तापमान शून्याखाली जावे लागत नाही. पारा ५ ते १० अंशांवर असतानाही हे घडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली उतरते, इंजिन ऑइल पातळ होते आणि पिस्टन-रिंगांची झीज वाढते. थंडीतला अडखळेपणा हा नुसता त्रास नसतो. त्याने इंजिनाचे आयुष्यही कमी होते.

वाया जाणारी आच कामाला लावणे

गार इंजिनातही एक जागा काही सेकंदांत तापते. ती म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी बिडाची नळी. या वायूचे तापमान शेकडो अंश असते आणि ती सगळी उष्णता एरवी बाहेर फुकट जाते.

घरच्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असतो. मुख्य जाळाची उरलेली आच भोकातून वैलाकडे जाते आणि त्यावर ठेवलेले कालवण वेगळे सरपण न लावता गरम राहते. हीट रायझरचे तत्त्व तेच आहे. जळक्या वायूचा काही भाग कार्बोरेटरच्या बरोबर खालच्या जागेकडे वळवायचा आणि तिथला इनटेक मॅनिफोल्डचा तळ तापवायचा. या जागेला हॉट स्पॉट म्हणतात. तिथे पडलेले थेंब लगेच वाफ होतात.

मात्र ही आच कायम नको असते. इंजिन तापल्यावरही हॉट स्पॉट तसाच भाजत राहिला तर मिश्रण जास्त गरम होऊन विरळ होते, सिलिंडरात जाणाऱ्या हवेचे वजन घटते आणि ताकद कमी होते. इंजिन ठोके देऊ लागते. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोलही उकळू लागते. पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळतात, त्यामुळे तापलेली गाडी बंद करताच वाटीतली वाफ पेट्रोलला मॅनिफोल्डमध्ये ढकलते आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होत नाही. म्हणूनच वायूच्या वाटेवर झडप बसवलेली असते. इंजिन गार असताना ती वायूला हॉट स्पॉटकडे वळवते, तापल्यावर सरळ सायलेन्सरकडे सोडते.

झडपेचे भाग आणि त्यांचे काम

झडपेची रचना साधी आहे. एक पोलादी पाते आडव्या शाफ्टवर पक्के केलेले असते. शाफ्टची दोन टोके मॅनिफोल्डच्या भिंतींतल्या बुशांमध्ये फिरतात. बाहेर आलेल्या एका टोकावर गुंडाळलेली स्प्रिंग आणि एक वजन असते.

ही स्प्रिंग द्विधातू पट्टीची असते. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून ती बनते. उदाहरणार्थ, एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंशांनी तापवली तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते, तेवढीच पितळेची पट्टी सुमारे १.९ मिलिमीटर वाढते. दोन्ही एकमेकींना जखडलेल्या असल्या की जास्त वाढणारी बाजू बाहेर राहते आणि जोडपट्टी वाकते. पट्टी आधीच गुंडाळलेली असेल तर तापल्यावर तिचा पीळ बदलतो.

गार असताना स्प्रिंग ताणलेली असते आणि पात्याला ‘उष्णता चालू’ या बाजूला धरून ठेवते. मॅनिफोल्ड तापला की तिचा ताण सैल पडतो. मग वजनाचा भार आणि वायूचा दाब मिळून पाते फिरवतात. गार इंजिनावर ॲक्सिलरेटर एकदम दाबला तरी वायूच्या धक्क्याने पाते क्षणभर हलते, कारण भरपूर वायू बाहेर पडायचा असेल तेव्हा वाट अडून चालत नाही. या साऱ्यात वायर नाही, व्हॅक्यूमची नळी नाही, चालकाने ओढायची दांडी नाही.

सरळ इंजिन आणि व्ही-८

सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुधा एकाच बाजूला, एकावर एक असतात आणि मध्यभागी बोल्टने जोडलेले असतात. झडप या जोडाखाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पोटात असते. क्रायस्लर कंपनीचे साइड-व्हॉल्व्ह सहा सिलिंडरचे इंजिन हे याचे नमुनेदार उदाहरण. ते महाराष्ट्राला परके नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला डॉज, प्लायमथ आणि डिसोटो या क्रायस्लरच्याच गाड्या जोडायला सुरुवात केली होती. युद्धकाळातल्या विलिस जीपच्या चार सिलिंडर इंजिनातही अशीच झडप आहे.

व्ही-८ इंजिनांत, उदाहरणार्थ १९५५ पासूनच्या शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये, दोन बाजूंना दोन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतात आणि कार्बोरेटर मधोमध असतो. तिथे झडप एका बाजूच्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी, खालच्या पाइपाच्या जोडावर बसते. ती बंद झाली की त्या बाजूच्या वायूला सरळ वाट मिळत नाही. तो सिलिंडर हेडमधून वर चढतो, इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातल्या आडव्या बोगद्यातून कार्बोरेटरखालून जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. म्हणून व्ही-८ मध्ये झडप बंद अडकणे जास्त महागात पडते. सरळ इंजिनात वायू नुसता वळतो. व्ही-८ मध्ये निम्म्या इंजिनाचा श्वास कोंडतो.

झडप अडकते कशी?

झडप ज्या जागी असते तिथे तेल टिकत नाही. शाफ्ट आणि बुश यांच्यामधल्या फटीत काजळी शिरते. त्यात पाण्याची भर पडते, कारण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. गाडी रोज थोडीच चालवली तर मॅनिफोल्ड पुरेसा तापत नाही, ही वाफ आतच पाणी होऊन बसते आणि गंज धरतो. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या संग्राहकांच्या गाड्यांत ही झडप हमखास जाम झालेली आढळते.

दुसरे कारण स्प्रिंगचे. हजारो वेळा तापून-गार होऊन तिचा ताण जातो, ती तुटते किंवा टोकाच्या खिळ्यावरून निसटते. खडखड थांबवणारी छोटी क्लिप गळून पडली तर विशिष्ट वेगाला मॅनिफोल्डमधून पत्र्यासारखा थरथराट ऐकू येतो. तो पुष्कळदा इंजिनातला बिघाड समजला जातो.

निदान कसे करावे?

तपासणी पूर्ण गार इंजिनावर सुरू करावी. बाहेरचे वजन बोटांनी फिरवून पाहावे. ते अडखळल्याशिवाय फिरले आणि सोडताच स्प्रिंगच्या ताणाने मूळ जागी आले, तर झडप ठीक आहे. फिरते पण परत येत नसेल तर स्प्रिंग गेली आहे. मुळीच हलत नसेल तर शाफ्ट जाम आहे.

त्यानंतर इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर एकदा पटकन दाबावा आणि सोडावा. वजन किंचित उसळले पाहिजे. इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा पाहावे. वजन आता दुसऱ्या टोकाला गेलेले असावे. तापलेल्या मॅनिफोल्डला हात लावू नये. वजनाच्या कडेवर आधीच खडूने खूण केली तर दुरूनही फरक कळतो.

दोन स्वतंत्र सायलेन्सर असलेल्या व्ही-८ गाडीत आणखी एक सोपी खूण मिळते. इंजिन गार असताना एका पाइपातून झोत जवळजवळ येत नाही, तापल्यावर दोन्हींतून सारखा येतो. तापूनही एका बाजूचा झोत क्षीणच राहिला तर झडप बंद अडकली आहे. अशा गाडीत कार्बोरेटरखाली इनटेक मॅनिफोल्डचा रंग जळून पापुद्रे निघालेले दिसतात.

गाडीवरच झडप सोडवणे

बहुतेक झडपा मॅनिफोल्ड न काढता सुटतात. फक्त घाई करून चालत नाही. तारेच्या ब्रशने शाफ्टची दोन्ही टोके घासून साफ करावीत. गंज सोडवणारे पातळ तेल दोन्ही टोकांना द्यावे आणि रात्रभर मुरू द्यावे. हे तेल पेट घेणारे आहे, म्हणून ते गार मॅनिफोल्डवरच वापरावे.

दुसऱ्या दिवशी हलक्या हातोडीने शाफ्टच्या टोकावर, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, टिचक्या माराव्यात. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. शाफ्ट केसभर पुढे-मागे सरकला की गंजाची पकड तुटते आणि तेल आत शिरते. वजनावर हातोडी मारू नये. त्याने शाफ्ट वाकतो आणि स्प्रिंग निखळते. पक्कडीने पिळूनही काढू नये, कारण पाते वाकले तर ते भिंतीला घासत राहते. मॅनिफोल्ड बिडाचा आहे आणि बीड ठिसूळ असते. जोराच्या घावाने त्याला तडा जातो.

एका दिवसात सुटले नाही तर इंजिन चालवून मॅनिफोल्ड तापू द्यावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि पुन्हा तेल द्यावे. तापताना शाफ्ट आणि बुश वेगवेगळ्या वेळी फुगतात व आकसतात, त्यामुळे गंजाचा थर भुगा होतो. हा क्रम काही दिवस केल्यावर वजन आधी थोडेसे हलते, मग पाव फेरा, मग मोकळे फिरते. सुटल्यावर ते हाताने अनेकदा फिरवून सगळा भुगा बाहेर काढावा.

शेवटी शाफ्टला ग्रॅफाइट द्यावे. उडून जाणाऱ्या पातळ द्रवात कालवलेली ग्रॅफाइटची पूड उत्तम. इंजिन ऑइल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. ते या तापमानाला जळून कोळसा होते आणि झडप आधीपेक्षा घट्ट बसते. अनेक झडपा काळजीपोटी घातलेल्या या तेलानेच जाम झालेल्या असतात.

मॅनिफोल्ड काढून दुरुस्ती

शाफ्ट सुटतच नसेल, बुश झिजून वायू गळत असेल किंवा पाते जळून गेले असेल, तर मॅनिफोल्ड काढावा लागतो. या कामातला मोठा धोका स्टड तुटण्याचा. त्यासाठी नटांना आधी काही दिवस तेल देत राहावे; तरीही अडलेला नट तापवून सोडवावा. तापवण्यापूर्वी जुने तेल पुसून घ्यावे, बॅटरी सोडावी, पेट्रोलची नळी बंद करून कार्बोरेटर दूर ठेवावा आणि अग्निशामक हाताशी असावा.

झडप उघडण्याआधी स्प्रिंगची जागा, तिचे टोक कोणत्या खिळ्यात आहे आणि तिला किती पीळ आहे, याचा फोटो काढावा. शाफ्टवर पंचाने खूण करावी. हे चुकले तर नवी स्प्रिंगही उलटे काम करते.

पाते शाफ्टला बहुधा वेल्डिंगच्या टाक्याने किंवा स्क्रूने पक्के असते. टाके घासून पाते सोडवावे आणि शाफ्ट ठोकून बाहेर काढावा. अडला तर ड्रिलने पोखरावा. नंतर बुशांची भोके रीमर फिरवून साफ करावीत, झिजले असतील तर लेथवर नवे बुश करून घ्यावेत. नवा शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असावा. तो बुशात चपखल बसवू नये. गार असताना बोटाला किंचित खेळ जाणवला पाहिजे, नाहीतर मॅनिफोल्ड तापताच तो धरतो. पाते बसवताना ते कोणत्याही बाजूने भिंतीला घासत नाही, हे फिरवून पाहावे आणि मगच टाका मारावा.

मॅनिफोल्ड हाती असतानाच हॉट स्पॉटची भिंत बारकाईने तपासावी. ती गंजून आरपार गेली असेल तर जळका वायू थेट मिश्रणात शिरतो आणि इंजिन संथ गतीवर थरथरते. तडा भरायचा असेल तर बिडाला साधी वेल्डिंगची कांडी चालत नाही. निकेलची कांडी, आधी संपूर्ण तुकडा सावकाश तापवणे आणि नंतर तितक्याच सावकाश गार होऊ देणे, या तिन्ही गोष्टी लागतात.

परत जोडताना

मॅनिफोल्डचे बसणारे पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासावेत. वाकलेले असतील तर इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडून एकत्रच मशीनिंग करावे, नाहीतर दोन्ही एका पातळीत येत नाहीत. गॅस्केट नवेच घालावे. सरळ इंजिनात दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना आधी सैलच जोडावेत, मग इंजिनाला लावून मधल्या नटापासून बाहेरच्या दिशेने थोडे-थोडे आवळावेत आणि शेवटी त्यांच्यातले बोल्ट घट्ट करावेत. हा क्रम उलटा केला तर तापल्यावर मॅनिफोल्ड ताणला जाऊन तडकतो. एक्झॉस्टच्या स्टडवर पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी ते सहज निघतात.

स्प्रिंग बसवण्याआधी गरम पाण्यात बुडवून पाहावी. तिचे मोकळे टोक सरकताना दिसले पाहिजे. न सरकणारी स्प्रिंग निकामी समजावी.

झडप ठेवावी की काढावी?

गॅरेजमध्ये पुष्कळदा झडप तारेने उघडी बांधून टाकतात, तर व्ही-८ मध्ये तिच्या जागी रिकामी चकती घालतात. मुंबई आणि कोकणातल्या हवेत अशी गाडी चालते. सकाळी थोडा वेळ चोक लागतो इतकेच. पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथल्या हिवाळी सकाळी मात्र फरक चांगलाच जाणवतो. ज्या व्ही-८ गाड्यांत आपोआप चालणारा चोक मॅनिफोल्डच्या उष्णतेवर उघडतो, तिथे झडप उघडी बांधल्यास चोक जास्त वेळ लागून राहतो आणि पेट्रोल वाया जाते. बंद अडकलेली झडप मात्र कोणत्याही हवेत तशीच ठेवू नये. ती सुटेपर्यंत उघड्या स्थितीत बांधणे हा तात्पुरता पण योग्य उपाय आहे.

आजच्या इंधनामुळे या झडपेचे महत्त्व वाढले आहे. देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो इथेनॉलची वाफ होण्यासाठी सुमारे ९०० किलोज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते. गार मॅनिफोल्डमध्ये असे इंधन अधिक हट्टाने द्रवच राहते. म्हणून थंड प्रदेशात चालणाऱ्या जुन्या गाडीत ही झडप चालू ठेवणे हिताचे आहे.

पुढे काही कंपन्यांनी हीच झडप व्हॅक्यूमवर चालवली. फ्युएल इंजेक्शन आल्यावर पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशीच फवारले जाऊ लागले, लांब नळीतून थेंब वाहून नेण्याची गरज उरली नाही आणि झडपही गेली. कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत मात्र तिचे काम अजून संपलेले नाही. दर सर्व्हिसिंगला गार इंजिनावर तिचे वजन एकदा फिरवून पाहणे आणि शाफ्टच्या टोकांना ग्रॅफाइट देणे, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चालते.

थोडक्यात

- काम : गार इंजिनात जळक्या वायूची उष्णता कार्बोरेटरखाली वळवणे, इंजिन तापल्यावर ती थांबवणे.
- उघडी अडकल्यास : थंडीत आचके, जास्त वेळ चोक, जास्त पेट्रोल, पातळ होणारे इंजिन ऑइल.
- बंद अडकल्यास : ताकद कमी, इंजिनाचे ठोके, उकळणारे पेट्रोल, तापलेली गाडी सुरू न होणे.
- तपासणी : गार इंजिनावर वजन मोकळे फिरून परत यावे, तापल्यावर ते दुसऱ्या टोकाला असावे.
- उपाय : गंज सोडवणारे तेल, हलक्या टिचक्या, तापवणे-गार करणे, मॅनिफोल्ड काढणे शेवटी.
- वंगण : फक्त ग्रॅफाइट, इंजिन ऑइल किंवा ग्रीस कधीही नाही.